पान सोळा

माझ्या नव्या पुस्तकातल्या क्रेनला उंचीची भीती वाटते.
एवढीच गोष्ट. चोवीस पानं,
पिवळा रंग जरा जास्तच लागला.

करी रोडच्या माझ्या खिडकीतून एकदम सहा दिसतात,
जुन्या गिरणीच्या जागेवर,
दिवसभर मान वळवत
कुणी यायचं राहिल्यासारख्या.
मी सहा महिने त्यांच्याकडे बघून काढत होते.
सहा महिने, आणि चांगला चष्मा लावून.

सोळावं पान मुद्दाम कोरं सोडलं.
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
क्रेन रडते आहे. तिला खाली कसं आणाल? इथे काढा.
वडाळ्याच्या गाळ्यातून पिंगुळकरांचा फोन,
मागे मशीनची धडधड:
"मॅडम, सोळा कोरंच जातंय. काही राहिलंय का?"
राहिलं नाही, म्हटलं, ठेवलंय.
हे वाक्य मला तेव्हा फारच आवडलं.
दोन-तीन जणांना सांगितलंसुद्धा.

मग अँटॉप हिलची शाळा, तिसरी ब,
छताचा पंखा एकच, तोही बाईंच्या डोक्यावर.
खडू, स्केचपेन, अर्ध्या पेन्सिली.
कुणी शिडी लावली. कुणी फुगे.
एकाने खाली उतरवण्यापेक्षा
समुद्रच वर आणून ठेवला, मासळीसकट.
एकाने क्रेनचा चष्मा काढून घेतला:
दिसलंच नाही तर घाबरेल कशाला?
(चष्मा मी काढला नव्हता. त्यानेच आधी घातला, मग काढला.)

दुर्वा घुगेचं सोळावं पान कोरंच.
ती मागे गेली होती, पान तीनवर,
आणि छापलेल्या चित्रात, निळ्या पेनने—
"पुस्तकावर नाही गं!" तांडेल बाई ओरडल्या.
मी वाकून पाहिलं.
क्रेनच्या मानेजवळची ती लहानशी पेटी,
जिच्यात मी नुसतं आभाळ भरलं होतं, शोभतं म्हणून,
तिच्यात एक माणूस बसवलेला.
मिशी. टोपी. दोन बाटल्या.

"ह्यात माणूस असतो," ती म्हणाली,
जसं एखाद्याला सांगावं, शर्टाचं बटण उघडं आहे.
"माझे बाबा असतात. चढायलाच अर्धा तास जातो,
म्हणून मधे उतरत नाहीत."
आणि दोन बाटल्या का?
"ही प्यायची. ती दुसरी, तसली."
वर्ग हसला. लांबलचक हसला. बाईंनाही आवरेना.
दुर्वा हसली नाही. वर उचललेल्या ओझ्याचे
हेलकावे थांबेपर्यंत थांबावं, तशी थांबली.
मग म्हणाली, "क्रेन कशी रडेल? तिला हलवतंय कोण?"

बाबांना भीती वाटते का गं?
"मी नाही विचारलं.
तुम्ही लिहिलंय ना पुस्तक, तुम्ही विचारायचं."

दोन हजार प्रती बांधून तयार होत्या.
गाळ्यात स्टुलावर बसून मी एकेक उघडत गेले,
पान तीन, पेटी, मिशी, टोपी, दोन बाटल्या.
पिंगुळकरांच्या पोऱ्याने तीनदा चहा आणला.
तीनशे बाराव्या प्रतीला लक्षात आलं,
सगळ्या मिशा एकसारख्या येऊ लागल्यात,
माणूस पुन्हा शोभेचा होऊ लागलाय.
पेन ठेवलं.

बाकीच्या प्रतींत आता एक चिठ्ठी जाते,
हाताच्या पंजाएवढी, साध्या कागदावर:
ह्या पुस्तकात चित्रकार बाईंकडून
एक माणूस काढायचा राहून गेला आहे.
शोधून काढा.

पिंगुळकरांनी ती दोनदा वाचली, चष्मा कपाळावर ढकलला.
"स्वतःची चूक स्वतःच छापायची?
आता हे नक्की काय मॅडम, राहिलंय की ठेवलंय?"

राहिलंय, म्हटलं.