निवय

बुराईला मिळणाऱ्या एका नाल्यावर हा बांध बसलाय.
बसलाय म्हणजे खरोखरच बसलाय:
घळभरणी झाली त्या सालापासून माथा
मधोमध दीड वीत खाली आलाय,
म्हातारी म्हैस पाठीत वाकते तसा.

पायथ्याच्या पाझरनालीत पत्र्याची एक खाच आहे.
रोज सातला दगा सोनवणे तिथे वाकतो,
खोकल्याच्या औषधाची बाटली भरतो
आणि उगवतीकडे धरतो.
"पानी जास ते जाऊ द्या, ताई,"
पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"माटी नको जावाले."
माझ्या पुस्तकात याची अकरा पानं होती.

आधीची दोन भावंडं गेली, म्हणून याचं नाव दगा.
दगड होऊन राहा, एवढंच मागणं.
तो आता मातीची राखण करतो.

यंदा कागद आला. धरण सुरक्षित आहे काय? होय / नाही.
त्याखाली: उपयोग.
रकाना दोन बोटं रुंद.

अर्धं पोट गाळानं भरलंय.
तेराव्या चारीपुढे पाणी गेलेलं कुणाला आठवत नाही;
शेवटच्या गावानं कालव्यातच दादर पेरली,
आणि ती चांगली आली.
बोअर झाले, सौर पंप झाले.
ग्रामसभेत एकजण म्हणाला, फोडा एकदाचं,
गाळाची जमीन वाटून घेऊ.
मागे बसलेली सकूबाई मालचे म्हणाली,
विमोचक दुरुस्तीला तलाव रिकामा केला होता ना,
त्याच उन्हाळ्यात माझ्या विहिरीत बादली वाजली.
एवढंच म्हणाली, आणि पदर सावरून बसली.
कागदावर विहिरीला रकाना नाही.

खाचेच्या वर, उतारावर, एक निंब होता.
दगानंच लावलेला, भाकरी खायला सावली म्हणून.
मी लिहिलं: झाड काढावे, मुळासकट.
नुसतं तोडलं तर मुळं आत कुजतात,
पोकळ नळ्या राहतात,
आणि पाण्याला वाट एकदा कळली की कळली.
मला वाटलं, भांडेल.
त्यानं कुदळ मागितली आणि चाळलेली माती.
तीन दिवस मुळांमागे खणत गेला:
मनगटाएवढी, बोटाएवढी, सुतळीएवढी.
प्रत्येक भोकात ओली माती मुठीनं ठासली,
वर धुम्मस चालवला.
कळण्याची भाकरी उन्हात बसून खाल्ली.

चौथ्या दिवशी बाटली गढूळ आली.
दोघंही बोललो नाही.
त्या रात्री मी चौकीतच झोपले, म्हणजे झोपले नाही.
पाचव्या दिवशी तळाशी नखभर गाळ.
सहाव्या दिवशीही.

आज त्यानं बाटली माझ्या हातात दिली.
काचेतून पलीकडचा कापूस दिसला,
एक बाई दिसली, उलटी, वेचणारी.
"निवय शे," तो म्हणाला,
पण पाणी ओतलं नाही.
बाटलीवर तारीख चिकटवून खिडकीत ठेवली,
गढूळ तिघींच्या शेजारी.

होय-नाहीवर मी अजून खूण केलेली नाही.
दोन बोटांच्या रकान्यात लिहिलंय: सकूबाईची विहीर.
वरचे साहेब खोडतील.
पेन्सिलनं नाही लिहिलं.