पावती क्रमांक चारशे बारा

साखर पेठेत, बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये
आमचा मुक्या जनावरांचा दवाखाना.
छताला अजून सुताचा भुस्सा आहे,
शटर उघडलं की एखादा तंतू टेबलावर उतरतो.
डॉक्टर मुबीना तो चिमट्यानं उचलतात
आणि टाके घालू लागतात.

मी पावत्या फाडतो.

सकाळी चादरवाले बुर्ला शेठ आले,
पाच हजार ठेवून म्हणाले,
यातलं कुत्र्याच्या पोटात किती जातं?
मी वही पुढं केली:
लशींच्या फ्रिजचं लाईटबिल,
भूल, सलाईन, फिनेल,
इरण्णाचा पगार, तोही दोन महिने थकलेला.
शेठ बिलावर बोट ठेवून बसले.
फ्रिजसाठी म्हणून
आजवर कुणी दिलं नव्हतं.

दुपारी नरसव्वा,
विड्यांच्या सुपात शेळीचं करडू,
पाय मोडलेला, अंगाला तंबाखूचा वास.
खर्च साडेसहाशे, आम्ही घेतो पन्नास.
तिनं चाळीस मोजले.
दहा उद्या, हजाराची वळून झाली की.
राहू द्या मावशी, म्हणालो.
फुकटचं नको बे,
पावती फाड.

फाडली.
शेठची चारशे अकरा, हिची चारशे बारा,
एकाच निळ्या कार्बननं उमटलेल्या.

रात्री बेरीज दहानं कमी.
‘उद्या येतील’ असं पेन्सिलीनं लिहिलं.
गड्ड्याच्या दिवसांतली थंडी,
प्लास्टर अजून ओलं,
आणि करडू, कुणी न सांगता,
फ्रिजच्या मागच्या उबेला जाऊन
घरघरीत झोपलेलं.