गाळणकागद

आठवड्यातून दोनदा कॉलेजच्या गच्चीवर जाते.
यंत्राचं झाकण उघडून
चिमट्याने कालचा कागद काढते, कोरा ठेवते.

डिसेंबरात तो काळा निघतो :
कारखान्यात जळणारी चिपाडं, फडात पेटलेलं पाचट,
कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या,
सगळं एकाच चौकोनात.
मार्चात पिवळट. यार्डात हळद पॉलिशला लागलेली असते.
जुलैत इतका स्वच्छ
की सर विचारतात, मशीन चालू होतं ना?

वहीत रंगाला रकाना नाही.
फक्त वजन, चार दशांश स्थळांपर्यंत.
मी समासात पेन्सिलीने लिहिते :
राखी. हळदी. एकदा नुसतंच, 'चहा'.

दस्तगीरमामू हरिपुरात पेवं उपसायचा.
पेव उघडलं की आधी दोरीने कंदील सोडायचे,
विझला तर कुणी उतरायचं नाही.
एवढंच त्यांचं यंत्र.

काल खोकत खोकत त्याने आकडा विचारला.
एकशे ब्याऐंशी, मी म्हटलं.
"म्हंजे कंदील विझला का न्हाई?"

न्हाई, मामू.
काच काळी झालीय.