नोंद: काही घडलं नाही

रुवैसला पहाटे तीनलाही हवा ओल्या फडक्यासारखी.
आत एकवीस अंश, नव्या गालिच्याचा वास,
आणि भिंतभर आकडे, जागच्या जागी.

आई फोनवर विचारते, काम काय रे तुझं?
बघत बसायचं.
कशाकडे?
काही होत नाहीये, त्याच्याकडे.
एवढ्याचे दिरहम देतात?

त्या रात्री झार आले. आमच्या चिंचणीला जाळ्यात यायचे तेच,
पारदर्शक, बिनहाडाचे, हजारोंनी,
समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळीला चिकटून बसले.
ए पंप धापा टाकू लागला.
बी नुकताच चालू केलेला, सगळा भार त्याच्यावर.
आता ए बंद करायचा. एवढंच.

पर्यवेक्षक म्हणाला, ए बंद करा.
मी म्हणालो, ए बंद करतो.
तो म्हणाला, बरोबर.
तोंडानं ए म्हटलं आणि हात बीवर गेला.

तेवीस वर्षांचा हात आहे हा.
आधीच्या नोकरीत ए डावीकडे होता.
माझ्या डोळ्यांनी वाचली इथली पाटी,
हातानं वाचली नाही. त्याला वाचायची गरजच वाटत नाही,
हीच त्याची भीती.

शेजारी हमदा अल मझरूई, वय चोवीस,
काम एकच: माझ्या बोटाकडे पाहणं.
तिनं बटणावर तळवा आडवा धरला.
थांबा, म्हणाली,
तिच्या भाषेत नाही, माझ्याही नाही,
त्या मधल्या इंग्रजीत, जिथे आम्ही दोघंही भाडेकरू.

तिचा आवाज कापत होता.
तिच्याही घरी शिकवलं असणार,
मोठ्यांच्या हाताला हात आडवा घालू नये.

बाबा होडीवर तांडेल.
खलाशी दोरी सोडून ओरडायचा, सात वाव!
बाबा म्हणायचे, सात वाव.
लहानपणी मला वाटायचं,
बाबांना कमी ऐकू येतं.

सकाळी अर्ज भरला, माझा मीच.
घटना: घडली नाही.
कारण: खाली चौकोन. थकवा. घाई. सवय. अस्पष्ट पाटी.
सवयीवर खूण केली.
आणखी एक चौकोन शोधत होतो, तो छापलेलाच नव्हता.
हमदानं विचारलं, मी जरा हळू बोलायला हवं होतं का?
म्हटलं, नाही. पुढच्या वेळी ओरड.

बसमधून गावात आलो. साडेसात.
मुलं दप्तरं ओढत शाळेच्या बसपाशी,
कुणाच्या तरी एसीचं पाणी बोगनवेलीवर टपटपत,
मलबारी हॉटेलात करक उकळत होता, विजेच्याच शेगडीवर.
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहायचं कारणच नव्हतं.

आईला सांगितलं, आज एका पोरीनं मला अडवलं.
तू थांबलास?
थांबलो.

तुझे बाबा नसते थांबले, म्हणाली.
ते परत म्हणायचे गं, सगळं परत म्हणायचे.
म्हणायचे, ती म्हणाली. म्हणायचे तर.

मग बराच वेळ फोनवर
फक्त तिकडच्या पंख्याचा आवाज.