सोडण्याचे कारण

टी.सी.च्या अर्जात एक रकाना असतो,
बोटभर रुंदीचा:
महाविद्यालय सोडण्याचे कारण.
चिद्रवार बाबूंनी पेनाचं टोपण काढलं,
"वडिलांची बदली लिहू?"

वडील परभणीच्या मोंढ्यात हमाल आहेत.
त्यांची बदली फक्त
या खांद्यावरून त्या खांद्यावर होते.

मी लिफ्टर आहे, बाबू.
व्हॉलीबॉलमध्ये दुसरा हात लिफ्टरचा.
पहिल्याकडून बॉल कसाही येऊ द्या,
वाकडा, बुटका, चिडलेला,
दुसऱ्यानं तो असा वर ठेवायचा
की तिसऱ्याला वाटावं, उडी आपलीच उंच.
टाळ्या तिसऱ्याला.
त्याचं मला काही नाही.
पण दुसरा हात एका संघात एकाचाच,
आणि आमच्यात तो फेरोजचा.

फेरोजच्या बोटांतून बॉल निघतो
तेव्हा आवाज येत नाही.
दोन वर्षं मी बाकावर कान लावून बसलो.
एकदाही आला नाही.

नांदेड, लातूर, हिंगोली.
बाटल्या मी भरल्या, टॉवेल मी मोजले.
उदगीरला चौथ्या सेटमध्ये त्याचा घोटा मुरगळला.
मी उठलो. बुटाची नाडी सोडून पुन्हा आवळली.
दुधगावकर सरांनी स्प्रे मारला,
तो लंगडत दोन पावलं चालला,
मग सरळ चालला.
मी बसलो.
मधल्या त्या मिनिटात
मला जे वाटलं होतं
ते अर्जात मावणार नाही.

त्या रात्री स्टँडच्या नळाखाली
माझी बारा नंबरची जर्सी भिजवली,
पिळून बॅगेत कोंबली.
घरी सोजरअक्कानं ती दोरीवर टाकली,
सकाळी हातात घेऊन उजेडाकडं धरली.
"उत्तू, घाम वाळला की पांढरं मीठ उमटतंय.
अण्णाच्या बंडीवर रोज बघायलेय मी.
हे नुस्तं पाणी हाय."
एवढंच.
घडी घालून ठेवली, न धुता.

सर म्हणाले, "एक वर्ष थांब की.
फेरोज गेला की जागा तुझीच.
अन् जिंतूरच्या संघाला
मागच्या साली एक सेट नाही घेता आला.
तिथं जाऊन काय करायलास?"
खरं होतं.
मी मान हलवली, पण कुठल्या बाजूला
ते त्यांना कळलं नसावं.

रकाना अजून कोराच.
मागं ॲडमिशनची रांग तुंबलेली.
चिद्रवार बाबूंनी स्वतःच लिहून टाकलं
घरगुती अडचण
आणि शिक्का असा आपटला
की टेबलावरची टाचणी उडाली.

फेरोज स्टँडवर आला होता.
चिकटपट्टीचं अर्धं रीळ माझ्या खिशात घातलं.
"वहाँ का ग्राउंड पथरीला है रे, घुटने संभाल."
मग गाडी हलली तसा खिडकीशी चालत,
"आमने-सामने आए तो?"
मी काहीतरी बोललो.
इंजिनात ते मलाही ऐकू आलं नाही.

झरी गेलं, बोरी गेलं.
बोरीच्या पुढं पोटात खड्डा पडला.
बाकावर असताना मी कधीच हरलो नव्हतो.
कुणी म्हणालं नव्हतं, हा कच्चा आहे.
मी चांगला आहे की नाही
हे दोन वर्षं कुणालाच माहीत नव्हतं,
आणि त्यात किती ऊब होती
ते आत्ता कळत होतं,
परतीच्या गाडीची वेळ विचारावीशी वाटत असताना.

जिंतूरला कॉलेजच्या मागं
मुरमाचं मैदान, दोन लोखंडी खांब,
जाळी एका बाजूनं पोटासारखी लोंबलेली.
एक काटकुळा पोरगा
डालड्याच्या डब्यात चुना घेऊन
रेघ मारत होता, वाकडी.
त्यानं मला बघितलं, बॅग बघितली,
नाव विचारलं नाही.
सुतळीचं एक टोक पुढं केलं.
"धर. ताणून धर.
तिकडं त्या दगडापाशी जाऊन उभा राहा."