सोमवार साडेदहापर्यंत

डॉक्टर ओगल्यांच्या शटरवर लाल रंगात: रविवार बंद.
आणि ही माझी खालची, उजवी, शेवटून दुसरी
शनिवारी रात्री पावणेबाराला
कामावर हजर.

कोमट पाणी, मीठ. खळखळून मोरीत टाकलं. पुन्हा.
डाव्या बाजूनं चावत अर्धी भाकरी,
तिच्यावर पॅरासिटामॉल.
फडक्यात बांधलेला बर्फ गालावर.
आडवं झालं की ठणका चढतो,
बसलं की झोप लागत नाही,
म्हणून दोन उशा, वर रगाची घडी,
अर्धी पडले, अर्धी बसले.

मशीनवर साटमांच्या मुलीचे सहा ब्लाउज,
हूक-काजं बाकी, बुधवारी हळद.
तेवढाच वेळ जाईल म्हणून सुई ओवली,
दोरा सवयीनं दातांत धरला, ओढला,
आणि कन्नमवारनगरापासून टागोरनगरापर्यंत
सगळे दिवे एकदम लागले.

डब्यात लवंग एकच. बोंड गळलेली, वास उडालेली.

वरच्या नाबरांवर मी तीन वर्षं दात धरून आहे.
त्यांच्या मोरीचं पाणी माझ्या छतातून,
छताखाली माझा तेलाचा रिकामा डबा.
"तात्पुरतं एमसील लावलंय, वहिनी," म्हणाले होते,
तेव्हा त्यांच्या सईला मी फ्रॉक शिवत होते.
परवा ती साडीला फॉल लावायला
दुसरीकडे गेली.

दीड वाजता डब्यात ठप्. दाढेत ठप्.
नक्की कुणाचं काय गळतंय, कळेना.
जिना चढले.

नाबर बनियनवर. "आत्ता? अहो, सकाळी भांडू की."
मी गाल दाखवला.

अंगठ्याएवढी बाटली आणली. लवंगतेल.
काडीला कापूस गुंडाळून दिला.
"एकच थेंब, दाढेलाच. हिरडीला फासलंत तर भाजेल.
गोळी दाबून नाही ठेवायची तिथं, गिळायची.
आणि गाल सुजला, ताप आला
तर सोमवारची वाट बघू नका,
छताला झाडू ठोका,
राजावाडीला जाऊ. रिक्षाचं मी बघतो."

तोंडात कापूस होता,
म्हणून भांडण निघालं नाही.

तीन वाजता ठणका गेला नाही,
नुसता पलीकडच्या खोलीत जाऊन बसला.
जीभ बधिर, तिखट. डबा ओतला, पुन्हा लावला.
अजून साडेएकतीस तास.

बाटली परत द्यायला वर जावं लागेल.
तोवर तोंड बरं झालेलं असेल.
तेव्हा काय बोलायचं?