एकाच थेंबात

डोळा लागू नये म्हणून
ओडेट मिशो डोळा लावते सूक्ष्मदर्शकाला.
रात्रीचे अडीच. मेनच्या किनाऱ्यावर
धुक्यातला भोंगा मिनिटामिनिटाला काहीतरी विचारतो,
समुद्र उत्तर देत नाही.

काचेच्या ताटलीत तेलाखाली एक थेंब,
थेंबाच्या तळाशी सुईने ओढलेली रेघ.
रेघेच्या डावीकडे काळ्या उंदरीची एकवीस अंडी,
उजवीकडे पांढरीची अठरा.
दुपारी बीजकोशातून सुटली तेव्हा सगळी एकसारखी:
गोटीच्या पोटात आणखी एक गोटी.
आतली गोटी दोन तासांत विरली,
दोन्हीकडे.

मग काळीच्या अंड्यांनी एकेक करत
कडेला इवलासा मणी बाहेर ठेवला.
अर्धा वारसा असा वेगळा काढावा लागतो.
पांढरीची मात्र
नुसती गोल, गुळगुळीत.
गेल्या आठवड्यात रंगवून पाहिली होती तिने:
गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी,
दोन्हीकडून दोऱ्या ताणलेल्या,
ओढायचं तेवढं राहिलेलं.

डॉक्टर हाल्व्होर्सन म्हणाले होते,
खोट पाण्यात असेल, मिठात असेल,
एकत्र ठेवून तर बघ.
झालं. ढवळ्याशेजारी पवळ्या
बारा तास बांधून झाला.
गुण लागला नाही.
वाण राहिला.

वहीत लिहिते: एकवीसपैकी एकोणीस.
अठरापैकी शून्य.
शून्य काढताना पेन्सिलीचं टोक मोडतं.

भाऊ लूसियन पहाटे होडी काढेल.
पिंजऱ्यात अंडी लगडलेली शेवंड आली
तर शेपटीला खाच पाडून परत सोडेल;
खाच दिसली की पुढे कोणी तिला धरत नाही,
अंडी असोत नसोत.

त्या आठ बहिणी.
एकाच ताटात जेवल्या,
एकाच गोधडीत झोपल्या, एकीची गोवर आठींना.
सातजणींच्या घरी नाताळला बसायला जागा पुरत नाही.
ओडेट केक घेऊन जाते,
मोठा.

वहीत 'प्रयोग संपला' लिहायला चौकट छापलेली आहे.
ती चौकट कोरी ठेवते,
ताटली पुन्हा उबेच्या कपाटात सरकवते, दार लावते.
थांबलेल्याला किती थांबू द्यायचं
हे नियमावलीत सापडलं नाही.

चार वाजता खाली धक्क्यावर
लूसियनचं इंजिन दोनदा खोकतं.
ती कान देऊन उभी.
तिसऱ्यांदा